मागच्या बंडीवरून दिसलं पाहिजे

सिनेमात गोळीबार सुरू झाला की मी मोजायला लागते. मनातल्या मनात नाही, चांगली मोठ्यानं. नायिकेच्या पर्समधून इवलंसं रिव्हॉल्व्हर निघालं, नळी जेमतेम दोन इंचांची, की मी खुर्चीत सावरून बसते. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावी गोळी सुटली की "खोटं!" म्हणते आणि पुढच्या रांगेतली माणसं मागं वळून बघतात. या छोट्या जातीतल्या बहुतेकांना गोळ्यांची पाचच घरं असतात. सहा घरांचं चक्र खिशात फुगतं, म्हणून एक घर कमी करून ते बारीक केलेलं असतं. एवढं साधं ज्यांना कळत नाही त्यांनी सिनेमे काढू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. नवरा म्हणतो, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तो आता थिएटरात माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसतो.

आता खरं सांगायचं तर मी खरं रिव्हॉल्व्हर आयुष्यात हातात धरलेलं नाही. मी गडचांदूरला आयटीआयमध्ये मुलांना यंत्रांची ड्रॉइंगं शिकवते. माझ्या हातात पेन्सिल, पट्टी आणि बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर. पण रिव्हॉल्व्हरांच्या रांगेखाली मी लहानाची मोठी झाले, कारण माझे बाबा ती लाकडाची करायचे.

बाबांचं सुतारकाम कुरखेड्याला. दारं, पलंग, नांगर, वखर ही वर्षभराची कामं. धान घरात आलं की मात्र त्यांचा हात दुसरीकडे वळायचा. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात. मंडईची जत्रा असो की शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, नाटक हवंच. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, जावई येतात, घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. सिंहासन, तलवार, टेलिफोन, बंदूक, जे जे म्हणून लाकडाचं लागेल ते बाबा त्यांना करून द्यायचे. शिवणीचं लाकूड हलकं आणि गुणी, त्यात ते काहीही कोरायचे.

त्यांचा नियम एकच होता, मागच्या बंडीवरून दिसलं पाहिजे. बंडी म्हणजे आमच्याकडे बैलगाडी. लांबच्या खेड्यांतली माणसं बंड्या जुंपून नाटकाला यायची आणि मैदानाच्या अगदी शेवटी, बंडीवर बसूनच नाटक बघायची. त्या शेवटच्या बंडीवरच्या म्हाताऱ्याला दिसलं तर ती वस्तू पास. म्हणून बाबांच्या टेलिफोनचा रिसीव्हर दुधी भोपळ्याएवढा असायचा आणि सावकाराचं मनगटी घड्याळ पापडाएवढं. नाटकात ज्याला "छोटं पिस्तूल" म्हणायचे ते कोपरापासून मनगटापर्यंत लांब. खलनायक ते खिशातून काढायचा म्हणजे आधी कोटाला तेवढा खिसा शिवावा लागायचा.

नवी वस्तू पहिल्यांदा स्टेजवर जायची त्या दिवशी बाबा नाटकाला जायचे, पण बसायचे नाहीत. सगळ्यात मागं, शेवटच्या बंडीच्या चाकाला हात लावून उभे राहायचे. मीही शेजारी उभी. पुढं गोळी सुटायची. म्हणजे पडद्यामागं एक जण पोटॅश भरलेली नळी दगडावर आपटायचा आणि त्याचं आणि नटाचं कधीच जमायचं नाही. एकदा तर खलनायकानं चाप ओढला, आवाज आला नाही, नायक तरीही पडून मरून गेला, खलनायकानं पिस्तूल खिशात ठेवलं, आणि मग धाडकन आवाज झाला. मेलेला नायक दचकून उठून बसला. मैदान हसून लोळलं. बाबा हसले नाहीत. ते मला म्हणाले, "पण पिस्तूल दिसलं ना इथून?"

मोठी झाले तशी मला खऱ्या वस्तूची ओढ लागली. जिथं मिळेल तिथं वाचलं, चित्रं पाहिली, त्यांच्या आतल्या भागांची ड्रॉइंगं वहीत उतरवली. गोष्ट आहेच तशी. आधी रिव्हॉल्व्हर घोडेस्वाराच्या कमरेला लटकायचं, नळी वीतभर. मग शहरं वाढली, साध्या कपड्यांतले पोलीस आले, रात्रपाळीचे पहारेकरी आले. कमरेला वीतभर लोखंड लावून ट्राममध्ये कसं बसायचं? नळी दोन इंचांवर आली. खिशातून काढताना मागचा घोडा, म्हणजे अंगठ्यानं ओढायचा खटका, अस्तरात अडकायचा, म्हणून कोणी तो कानशीनं घासून टाकला. पुढं कारखान्यांनीच घोडा आत झाकलेली रिव्हॉल्व्हरं काढली. मूठ इतकी आखूड झाली की करंगळीला धरायला जागाच उरली नाही. लांबचा नेम धरणं अवघड. जवळचा माणूस तेवढा मारता येतो.

आणि इथंच सिनेमावाले खूश झाले असणार! मोठी बंदूक दरोडेखोराची. छोटं रिव्हॉल्व्हर घरच्या माणसाचं. काळ्यापांढऱ्या सिनेमांत ते ओव्हरकोटवाल्या गुप्तहेराच्या खिशातून यायचं, आपल्याकडे तिजोरीशेजारच्या ड्रॉवरमधून, रेशमी गाउनच्या खिशातून, नायिकेच्या पर्समधून. ते निघालं की समजायचं, आता आपल्यातलंच कुणीतरी दगा देणार. मी बाबांना हे सगळं सांगायची. ते रंधा मारता मारता ऐकायचे आणि म्हणायचे, ते खरं, पण मागच्याला दिसते का?

तरी त्यांच्या मनात एक गोष्ट होती. चाळीस वर्षं त्यांनी वस्तू केल्या, त्या एका रात्रीत संपल्या, पुढच्या वर्षी मोडल्या, चुलीत गेल्या. स्वतःच्या हातची एक तरी वस्तू सिनेमाच्या पडद्यावर बघावी, असं त्यांना फार वाटायचं. ते बोलून दाखवायचे नाहीत. पण टीव्हीवर सिनेमा लागला की नटांकडे न बघता त्यांच्या हातातल्या वस्तूंकडे बघत बसायचे.

तर गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात एक सिनेमाची टोळी मोहर्लीच्या अलीकडे एका खेड्यात शूटिंगला आली. त्यांच्या गोष्टीत एका म्हातारीच्या तांदळाच्या कणगीत नवऱ्याचं छोटं रिव्हॉल्व्हर लपवलेलं असतं. सामान सांभाळणारी मुलगी मुंबईची, केस बारीक कापलेली, सदा धावत. त्यांनी मुंबईहून आणलेलं रबराचं रिव्हॉल्व्हर शूटिंगच्या चौथ्या दिवशी नाल्यात पडलं आणि गाळात गेलं ते गेलंच. दुसरं मागवायचं तर वेळ लागणार, आणि जवळून घ्यायचे शॉट पुढच्या आठवड्यात. तिला कुणीतरी वडशाचा पत्ता दिला, वडशानं बाबांचा दिला. ती कुरखेड्याला आली, जुन्या रिव्हॉल्व्हरचा फोटो बाबांच्या मोबाइलवर टाकला, हुबेहूब असंच पाहिजे काका, म्हणाली, आणि धावत परत गेली.

बाबांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज मी ओळखलाच नाही. एवढ्या भरभर बोलणारा माणूस माझा बाप कसा असेल? मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली. जाईपर्यंत त्यांचं काम होत आलं होतं. चक्र, चाप, मूठ, सगळं फोटोतल्यासारखं, काळा रंग तेवढा ओला. मी अंगणात शिरले तर ते दोन पावलं मागं सरले आणि मान तिरकी करून माझ्याकडे बघू लागले. हल्ली ते असंच करायचे. मला वाटायचं, वय झालं, तऱ्हेवाईक झाले.

रिव्हॉल्व्हर अर्थातच कोपरापासून मनगटापर्यंत लांब होतं. आणि मला, गोळ्या मोजणाऱ्या मला, त्यात काहीही वावगं वाटलं नाही! लहानपणापासून छोटं पिस्तूल तेवढंच बघितलेलं. वहीतली ड्रॉइंगं वहीत राहिली. मी ते कापडी पिशवीत घातलं, सिनेमावाल्यांनी दिलेलं, वस्तू लाकडी आहे असं लिहिलेलं पत्र घेतलं आणि निघाले.

आमच्या जिल्ह्यात नक्षलींमुळे बंदूक हा शब्दसुद्धा माणसं इकडेतिकडे बघून उच्चारतात. हद्दीवरच्या नाक्यावर बस थांबली, हवालदार वर आले, माझी पिशवी उघडली. हवालदारांनी ते बाहेर काढलं, उलटसुलट केलं आणि हसू लागले. "कोणत्या नाटकातलं हाये हे, बाई?" त्यांनी विचारलं. आपण वडशाकडे असताना हेच पाहिलं होतं, म्हणाले. पत्र त्यांनी बघितलंही नाही. अख्ख्या बसमध्ये ते हातोहात फिरून माझ्याकडे परत आलं.

मोहर्लीच्या सेटवर मी ते त्या मुलीच्या हातात मोठ्या ऐटीत ठेवलं. तिनं ते म्हातारीचं काम करणाऱ्या बाईंच्या हातात दिलं. बाई लहानखुऱ्या, त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि त्या मुसळ धरून कांडायला उभ्या आहेत असं दिसू लागलं. कॅमेऱ्यामागचा एक जण फिस्सकन हसला. मग सगळेच हसले. दिग्दर्शक सभ्य माणूस, तो म्हणाला की काम सुंदर आहे, पण आपण मुंबईहूनच मागवू.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यांच्यावर, बाबांवर, सगळ्यात जास्त माझ्यावर. हजार सिनेमांतल्या चुका काढणारी मी, आणि माझ्याच पिशवीत हातभर छोटं रिव्हॉल्व्हर! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी म्हणाले, मला चार दिवस द्या. तो म्हणाला, पाचव्या दिवशी सकाळी शॉट आहे. मी म्हणाले, पाचव्या दिवशी सकाळी आणते.

माप कुठून आणायचं? बाबांच्या मोबाइलवरून घेतलेला तो फोटो मी पुन्हा उघडला आणि ओरडलेच. रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलेलं होतं आणि त्याच्या शेजारी, फोटोच्या कडेला, चहाचा ग्लास होता! तसलेच ग्लास सेटवर सगळीकडे पडलेले. मी त्या मुलीकडून एक ग्लास मागून घेतला, पर्समधलं व्हर्नियर काढून तिथंच त्याची उंची मोजली, फोटोतल्या ग्लासाशी त्रैराशिक मांडलं. रिव्हॉल्व्हर टोकापासून टोकापर्यंत एकशे पासष्ट मिलिमीटर. नळी पन्नासच्या आत. मला नाचावंसं वाटलं. त्या ग्लासासकट मी परतीची बस धरली.

कुरखेड्याला पोचल्या पोचल्या मी बाबांपुढं ग्लास ठेवला आणि भांडायलाच लागले. फोटोत ग्लास होता बाबा, ग्लासावरून अंदाज यायला नको होता का? बाबांनी मोबाइल हातात घेतला. नेहमीसारखा जवळ धरला. इकडे सरकवला, तिकडे सरकवला.

"कुठी हाये ग्लास?" ते म्हणाले.

मी बोट ठेवलं. त्यांना बोटही दिसलं नाही. मग त्यांनी हात लांब केला, मोबाइल दूर धरला, आणि म्हणाले, हा, आता दिसला.

मी उठून त्यांची हत्यारांची पेटी उघडली, का कोण जाणे. कानशींच्या मागं डोळ्यांत टाकायच्या औषधाच्या तीन बाटल्या होत्या, दोन रिकाम्या. खोदून विचारल्यावर कळलं, काचबिंदू होता. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं की कडेकडेची नजर गेली, ती परत यायची नाही; औषधानं उरलेली जमेल तेवढी टिकवायची. बाबांना नळीतून बघितल्यासारखं दिसत होतं. मधलं दिसायचं, बाजूचं नाही. म्हणून ते मला बघायला दोन पावलं मागं सरायचे. जवळ आले की माझं नुसतं नाक दिसायचं, अख्खी मी दिसायला अंतर लागायचं. मला रडू फुटलं. घरात कुणालाच का सांगितलं नाही, म्हणून मी त्यांच्यावर ओरडलेही.

"सांगून का होनार होतं?" ते म्हणाले. "एक खेप पडद्यावर आपल्या हातचं पाहू दे मले. मंग जे होईल ते होईल."

आता हे रिव्हॉल्व्हर नुसतं वेळेत करायचं नव्हतं. ते पडद्यावर जायलाच हवं होतं, आणि बाबांना दिसेल तोवर जायला हवं होतं. मी डोळे पुसले आणि व्हर्नियर उघडलं.

ते चार दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे, असं म्हणायला मला आता लाज वाटत नाही. अंगणात दोन पाट मांडले. मी खरं माप कागदावर काढायची, बाबा लाकडात उतरवायचे. भांडणं तर क्षणाक्षणाला. मी म्हणायची, इथं दोन मिलिमीटर जास्त आहे. ते म्हणायचे, दोन मिलिमीटर म्हणजे धूळ, पुसून टाकतो. चक्र वेगळं कोरलं आणि सायकलच्या स्पोकवर बसवलं, बोट लावलं की गरकन फिरायचं. पाच घरं मी स्वतः आखली, चक्राच्या तोंडावर गोल काढून बहात्तर बहात्तर अंशांनी, आणि बाबांनी ती ड्रिलनं पाडली. मुठीला त्यांनी तेंदूच्या लाकडाचा काळा गाभा काढला, पॉलिश न करताच चमकणारा. हातात जड लागावं म्हणून मासे धरायच्या जाळ्याची शिशाची वजनं पोटात भरली. काळ्या रंगावर मी माझ्या ड्रॉइंगच्या पेन्सिलींचं शिसं उगाळून बोटानं घासलं, आणि लाकडाचं लोखंड झालं! बाबांनी नखानं टकटक करून बघितलं. करणाऱ्यालाच संशय आला.

घोड्यावरून मात्र पेटलं. त्यांना मागं मोठा ठसठशीत घोडा हवा होता, नाटकात अंगठ्यानं घोडा मागं ओढला की लोक श्वास रोखतात. मी म्हणाले, याला बाहेर घोडाच नाही. खिशात अडकू नये म्हणून तो झाकलेला आहे. नळी आखूड म्हणून, मूठ आखूड म्हणून, घरं पाच म्हणून, सगळं एकाच कारणासाठी. कुणाला दिसू नये.

बाबांनी कानस खाली ठेवली. "मंजे हे लपवाची वस्तू हाये," ते म्हणाले. "मी जल्मभर दाखवाच्या वस्तू करून राह्यलो." मग त्यांनी घोड्यासाठी ठेवलेला लाकडाचा उंचवटा एका घावात उडवला आणि तिथं गुळगुळीत पाठ केली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी काम संपलं. बाबांनी ते तळहातावर घेतलं, हात लांब केला आणि म्हणाले, हे मले पुरं दिसते. मोठ्या पिस्तुलाची त्यांना एका वेळी नुसती मूठ दिसायची नाहीतर नुसती नळी. हे अख्खंच्या अख्खं त्यांच्या उरलेल्या नजरेत मावत होतं.

त्याच रात्री निघालो, या वेळी बाबाही माझ्याबरोबर. नाक्यावर तेच हवालदार वर आले. मी आधीच सांगितलं की पिशवीत लाकडी पिस्तूल आहे, सिनेमाचं आहे, पत्र आहे. त्यांना ओळख पटली, ते हसतच पिशवीत डोकावले. आणि हसू थांबलं. पिशवी तशीच ठेवून ते एक पाऊल मागं झाले आणि खालच्या दोघांना हाक मारली. आम्हाला उतरवलं. साहेब आले, पत्रावरच्या नंबरला फोन लागला, रिव्हॉल्व्हर टेबलावर रुमालावर ठेवलं गेलं. साहेबांनी नखानं मूठ खरवडली, नळीत काडी घालून पाहिली, पेन्सिलीचं शिसं बोटाला लागलं तेव्हा कुठे त्यांच्या कपाळावरची आठी गेली. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, त्यांचं कामच ते. पण अर्धा तास मी तेच ते पत्र पुन्हा पुन्हा पुढं करत होते. आणि बाबा? बाबा बाकावर बसून गालातल्या गालात हसत होते. बसमध्ये परत चढल्यावर माझ्या कानाशी म्हणाले, पास झालं बाई. पोलिसाले खरं वाटलं, आता कोनाले खोटं वाटनार नाई.

सेटवर सकाळची तिरपी उन्हं होती. त्या मुलीनं रुमाल उघडला आणि तिचा हात थबकला. म्हातारीचं काम करणाऱ्या बाईंनी रिव्हॉल्व्हर उचललं. मी सगळं सोडून त्यांच्या करंगळीकडे बघत होते. तीन बोटं मुठीवर बसली आणि करंगळी खाली हवेत लोंबकळत राहिली. बरोबर! अगदी बरोबर! मी एवढ्या जोरात टाळी वाजवली की आवाजवाल्यानं कानावरचे हेडफोन काढले. दिग्दर्शकानं बाबांच्या हातात हात दिला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

सिनेमा यायला वर्ष लागलं. त्या वर्षात मी दर महिन्याला कुरखेड्याला जायची, बाटल्या मोजायची नाही, पण बाबा मला बघायला किती पावलं मागं सरतात ते बघायची. दोनाची तीन झाली. तिनाची चार झाली. सेटवरच्या त्या मुलीला मी फोन करून करून भंडावून सोडलं. कधी येणार, कधी येणार? शेवटी चंद्रपूरला एका थिएटरात दुपारी बाराचा एकच खेळ लागला, आणि आम्ही पहिल्याच दिवशी जाऊन बसलो. मधल्या रांगेत, मधोमध. सगळ्यात चांगल्या जागा मी हट्टानं घेतल्या होत्या. माझ्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला दोन खुर्च्या सोडून नवरा.

सेटवरच्या त्या मुलीनं सांगून ठेवलं होतं की रिव्हॉल्व्हर तीनदा येतं. एकदा कणगीतून निघताना, एकदा टेबलावर चहाच्या ग्लासाशेजारी, एकदा शेवटी बाईंच्या हातात. कणगी आली. बाईंचा हात तांदळात गेला. मी बाबांचा हात घट्ट धरला. तांदूळ घरंगळले आणि पडदाभर ते आलं. आमचं. घराएवढं! तेंदूच्या मुठीच्या रेघा दिसत होत्या, मी आखलेली पाचही घरं दिसत होती. "दिसलं?" मी विचारलं.

बाबा हळूच म्हणाले की नुसतं काळं काळं दिसून राह्यलं.

आम्हाला उशीर झाला होता. चार दिवसांत केलेलं काम वर्षभरानं आलं आणि वर्षानं डोळे नेले. मी पडद्याकडे बघत राहिले आणि मला पुढचा एकही संवाद ऐकू आला नाही. टेबल आलं, ग्लास आला, ग्लासाशेजारी ते आलं. मी बाबांना सांगायला वळले तर बाबांची खुर्ची रिकामी होती.

मी घाबरून मागं पाहिलं. बाजूच्या पायऱ्यांवरून बाबा वर चढत होते. पाठमोरे नाही, उलटे. तोंड पडद्याकडे, एक हात खुर्च्यांच्या पाठींवर, एकेक पायरी पायानं चाचपत मागं मागं सरत होते, मला बघायला अंगणात सरायचे तसे. मी उठले. माणसांच्या पायांवर पाय देत, माफी मागत धावले. मी पोचले तोवर ते शेवटच्या रांगेच्याही मागं, भिंतीला टेकून उभे होते. हात भिंतीवर असा ठेवलेला, जसा लहानपणी बंडीच्या चाकावर असायचा.

पडद्यावर शेवटचा प्रसंग सुरू झाला होता. बाईंनी रिव्हॉल्व्हर उचललं. करंगळी खाली लोंबत होती. त्या सिनेमात एकही गोळी सुटत नाही. बाई ते नुसतं धरून उभ्या राहतात, खूप वेळ. मला मोजायला काही नव्हतं. मी बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांची मान तिरकी नव्हती. डोळे इकडेतिकडे शोधत नव्हते. ते एका जागी, पडद्याच्या मधोमध, शांत लागले होते.

शेवटच्या रांगेतल्या एका माणसानं वळून पाहिलं आणि आपल्या शेजारची रिकामी खुर्ची दाखवली. काऊन उभे राह्यले, बसा ना भाऊ, म्हणाला.

"राहू द्या भाऊ," बाबा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "इथून मले पुरं दिसून राह्यलं."

मी त्यांच्या शेजारी भिंतीला टेकले. सिनेमा संपेपर्यंत आम्ही दोघं बसलो नाही.